दुधाने पुसलेली पानं

३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सहा आठवडे! तू प्रयोगशाळेच्या कोर्सला परगावी जाशील ते सहा आठवडे गोटीला आजोबाकडे ठेवायला तू तयार आहेस, हे मला पत्राच्या अगदी शेवटी कळलं. आधीची दोन पानं तू नुसत्या अटीच सांगत होतीस. बाईसाहेब, अटी मान्य आहेत. सगळ्या.

फोन करू नका, लिहा, ही अटसुद्धा मान्य. फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला कोणीतरी फोन आपटतं. कोण, ते मी सांगत नाही. पत्रात माणूस रागावला तरी पान भरेपर्यंत जरा निवतो.

आता मुद्द्याचं. मावशी झकास आहे. जावईबापूंना मांजराच्या केसांनी शिंका येतात म्हणून तू तिला टोपलीत घालून माझ्याकडे आणलीस, तेव्हा म्हणाली होतीस, "बाबा, ही मांजर धड सांभाळलीत तर पुढे नातीचं बघू." तू हसत म्हणालीस, पण ती माझी परीक्षा होती हे न कळायला मी काही दुधखुळा नाही. तर परीक्षेचा निकाल असा, की मावशीचं वजन वाढलंय, माझी खुर्ची तिने बळकावली आहे आणि मी स्टुलावर बसून हे पत्र लिहितोय. मांजराचं नाव मावशी ठेवायची अक्कल तुझीच. परवा समोरच्या दारातल्या शिक्षिकेला मी सहज म्हणालो, "मावशी रात्रभर बाहेर होती, आता पलंगाखाली झोपलीय." ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली.

गोटीसाठी घर तयार करतोय. सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून केलेला माणूस आहे मी. ज्वालाग्राही पिंपांच्या गराड्यात चारशे माणसं सांभाळली, तर एक नात सांभाळता येणार नाही? मागच्या आठवड्यात सगळं घर गुडघ्यांवर रांगून पाहिलं. हसू नकोस. लहान मूल जिथून बघतं तिथून आपण बघितल्याशिवाय धोका दिसत नाही. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं, विजेची खालची बटणं झाकली, औषधं, फिनेल, सुया, कात्र्या सगळं वर गेलं. उठताना मात्र गुडघ्यांनी असा आवाज केला की मावशी पळून गेली.

तुझ्या आईचं ठिपक्यांचं झाड आठवतं ना? मोठ्या पानांचं, पांढरे शिंतोडे उडाल्यासारखं? ती ते कपाटावर ठेवायची आणि दर रविवारी स्टुलावर चढून एकेक पान दूध-पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायची. मी ओरडायचो, पाय घसरला तर कंबर मोडेल. ती कुठली ऐकायला. आता ते झाड मी खाली आणलंय, बैठकीत, खिडकीजवळ. माझ्या वयाच्या माणसाने स्टुलावर चढणं म्हणजे अपघाताला आवतण. दूध मात्र चालू ठेवलंय. पानं नुकती रंगवल्यासारखी चकाकतात. गोटी बघत बसेल.

आईच्या आजारपणाचं तू पत्रात पुन्हा काढलंस. त्यावर मी काय बोलू? तुझी परीक्षा चालू होती, म्हणून तू फोन केलास की मी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिलो. तू आलीस तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. तुझा राग रास्त आहे. या वेळी तसं होणार नाही, ठकू. मावशीला शिंक जरी आली तरी कळवीन.

बाबा

१६ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

गोटीची कठड्याची खाट आली. सुताराकडे उभा राहून दोन गजांमधलं अंतर मोजून घेतलं, डोकं अडकायला नको. तो म्हणाला, "काका, इतकं मोजून कोणी घेत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच दवाखाने चालतात." त्याला ते फारसं आवडलं नाही, पण गज ठोकून दिले.

न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून जाड चटई टाकली. गरम पाण्याच्या नळाला मी एक खुणेची दोरी बांधली आहे. शिक्षिकेचा मुलगा आपल्या गोटीएवढाच आहे, तो काय काय तोंडात घालतो ते मी हल्ली बारकाईने बघतो. काल त्याने माझ्या चपलेचा अंगठा चोखला. तू गोटीला दूध किती वेळा देतेस? गाईचं की पावडरचं? सविस्तर लिही.

मावशी जरा रुसली आहे. शिंक नाही, पण कळवीन म्हणालो होतो म्हणून कळवतो. काल दुपारपासून खात नाही. तोंडातून लाळ गळते आणि पंजाने तोंड घासत बसते. माशाचा काटा अडकला असेल म्हणून मी तिचा जबडा उघडायला गेलो, तर मनगटावर ओरखडे काढले. काटा काही दिसला नाही. जीभ जाड वाटली, पण मांजराची जीभ एरवी किती जाड असते ते मला काय ठाऊक.

काल सकाळपर्यंत तर ठणठणीत होती. मी झाड पुसत होतो तेव्हा पायांत घोटाळत होती, आणि मी आंघोळ करून आलो तर खिडकीशी बसून पानांवरचं दूध चाटत होती. भारी लबाड. जनावरांचा दवाखाना सोमवारी बंद असतो, नाहीतर आजच नेली असती. उद्या उघडल्या उघडल्या नेतो. तू काळजी करू नकोस, तुझ्या कोर्सची तयारी कर.

बाबा

२१ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

घाईत लिहितोय. मावशीला दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, तरुण आहेत, पण हात हलका. औषध दिलं. आता ठीक आहे. खिडकीत ऊन खात पडलेली असते, तुला तर तिची सवय ठाऊकच आहे, एक पंजा बाहेर लोंबता.

स्वयंपाकघर आवरून घेतलं. मावशीची वाटी घासून वरच्या फळीवर ठेवली, गोटीच्या हाताला लागायला नको. टोपलीही माळ्यावर टाकली. घर आता मोकळं मोकळं झालंय.

गोटीला तीन एप्रिलला आणायचं पक्कं ना? गाडी किती वाजता पोचते ते कळव. मी तासभर आधीच स्टेशनवर येऊन बसेन.

बाबा

१ मार्च

प्रिय ठकू,

गोटीने काढलेलं चित्र मिळालं. निळ्या खडूच्या रेघोट्या आणि खाली तुझ्या अक्षरात 'मावशीला, गोटीकडून'. 

मावशी गेली, ठकू.

मागच्या पत्रात लिहिलं ते खरं नव्हतं. ते लिहिलं त्याच्या आधीच ती गेली होती. माझ्या मांडीवर गेली. इमारतीच्या मागच्या बाजूला पुरली, जिथे कोणाचा पाय पडत नाही तिथे. वय झालं होतं तिचं, तू कॉलेजात होतीस तेव्हापासूनची ती. म्हातारपणाला औषध नाही.

का लिहिलं नाही ते तू विचारशील. तुझा अभ्यास चालू आहे, मन विचलित होईल, असं वाटलं. हे वाक्य तू माझ्या तोंडून पूर्वी ऐकलं आहेस आणि आत्ता तू ओठ कसे आवळले असशील तेही मला दिसतंय. बोल मला, काय बोलायचं ते बोल. पण गोटीला पाठवशील ना? म्हाताऱ्या मांजराचं जे व्हायचं ते झालं. त्यावरून मी सांभाळू शकत नाही असं ठरवू नकोस. खाट तयार आहे. मी रोज तिच्यावरची धूळ पुसतो.

बाबा

११ मार्च

प्रिय ठकू,

गोटीला माझ्याकडे पाठवू नकोस. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा थरकाप उडायला नको.

तुझं पत्र शनिवारी आलं. आई गेल्यापासून तू मला इतकं मायेचं पत्र लिहिलं नव्हतंस. "बाबा, तुम्ही तिला शेवटपर्यंत मांडीवर घेतलंत, मला तेवढं पुरे आहे. लपवलंत त्याचा राग आला, पण या वेळी स्वतःहून सांगितलंत." ते वाचून मी पत्र पालथं घातलं. अजून उचललेलं नाही. ज्या माणसाला तू ते लिहिलंस तो मी नाही, ठकू. मावशी म्हातारपणाने गेली नाही.

काल काय झालं ते ऐक, मग मागचं सांगतो.

काल संध्याकाळी समोरची शिक्षिका मुलाला कडेवर घेऊन दारात आली. खाली सिलिंडरवाला आला होता. "काका, पाच मिनिटं बघाल याला?" मी म्हटलं, "पाच काय, पन्नास मिनिटं ठेव, माझी तालीम होईल." पोराला सतरंजीवर बसवलं, हातात लाकडी चमचे दिले. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं. मी आत गेलो, गॅस बंद केला, ओटा पुसला. का पुसला? पोर एकटं असताना ओटा का पुसला? सवय, दुसरं काय. बाहेर आलो तर सतरंजीवर नुसते चमचे.

निजायच्या खोलीचं दार मी ओढून घेतलं होतं, पण त्याची कडी नीट बसत नाही. आत, दारामागे, तुझ्या आईचं झाड होतं. मी ते बैठकीतून उचलून तिथे ठेवलं होतं, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पोर झाडाच्या बुडाशी बसलं होतं. हातात पानाचा तुकडा, तोंडात पानाचा तुकडा. आधी ते नुसतं माझ्याकडे बघत होतं. मग किंचाळलं.

ओठ बघता बघता सुजला. लाळेची धार लागली. तेच सगळं, जे मावशीचं पाहिलं होतं. मी त्याच्या तोंडातून बोट घालून पान काढलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, चावलेलं पान कागदात गुंडाळून खिशात घातलं आणि त्याला घेऊन जिन्याने धावलो. शिक्षिका सिलिंडरवाल्याशी बोलत होती. मी ओरडलो, "गाडी थांबव कुठलीही, दवाखान्यात जायचंय."

पोर बरं आहे. हे आधी सांगायला हवं होतं. सूज घशापर्यंत गेली नाही. गार दूध पाजलं, औषध दिलं, तासन्‌तास तपासत राहिले आणि रात्री उशिरा घरी पाठवलं. आज सकाळी ते जिन्यात रडत होतं, म्हणजे घसा चांगला आहे.

आता दवाखान्यातलं सांगतो. ती पोराला छातीशी धरून बसली होती आणि फोनवर नवऱ्याला सांगत होती, "काका होते म्हणून वाचला. काकांनी पानसुद्धा बरोबर आणलं. त्यांना लगेच कळलं कशाने झालं ते." नवऱ्याने फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. त्याने माझे आभार मानले, ठकू. मी "अहो, त्यात काय" म्हणालो. खरंच असं म्हणालो. फोन तिला परत दिला आणि खिशातलं पान चाचपत बसलो.

मग डॉक्टर आले. पान उलटंसुलटं करून म्हणाले, "आणलंत ते फार चांगलं केलंत. बरेच लोक झाडाचं नावच काढत नाहीत, आम्ही अंधारात चाचपडतो. तुम्हाला कसं माहीत हे झाड बाधतं ते?"

मी म्हणालो, "आमची मांजर याच झाडाने गेली."

शिक्षिकेने मान वर केली. "कधी?"

"मागच्या महिन्यात."

"आणि झाड अजून घरात होतं?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं काका? माहीत असून मला म्हणालात, पन्नास मिनिटं ठेव?"

मी पुन्हा हो म्हणालो. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. तिने पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या, आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही.

आता मावशीचं. मंगळवारी सकाळी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तोंड बघितलं, जीभ बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरात झाडं आहेत का? मोठ्या पानांचं, पांढऱ्या ठिपक्यांचं एखादं?"

त्यांनी ठिपके म्हटलं आणि माझ्या डोळ्यांसमोर मावशी खिडकीशी बसून पानं चाटताना उभी राहिली. चाटता चाटता चावलंही असणार. सगळं त्या एका क्षणात कळलं. आणि मी म्हणालो, "नाही."

त्या म्हणाल्या, "नक्की? कारण तसं असेल तर मी हिला इथेच ठेवून घेते. घशाची सूज वाढली तर श्वास अडकतो, मग घरी काही करता येत नाही."

मी म्हणालो, "नाही हो, झाडं वगैरे काही नाहीत आमच्याकडे."

दोनदा विचारलं आणि दोनदा खोटं बोललो. त्या सुईत औषध भरत होत्या तोवर मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. त्यांनी तोंडाला जंतुसंसर्ग झाला असेल असं समजून औषध दिलं आणि घरी न्यायला सांगितलं. संध्याकाळी ती मांडीवर श्वासासाठी मान ताणत होती. मी दवाखान्यात फोन केला नाही. केला असता तर झाडाचं सांगावं लागलं असतं. फोन हाताशी होता, ठकू. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसलो, आणि तू त्याच हाताचं कौतुक केलंस.

का केलं असं? मी स्वतःलाच खोदून विचारलं. कारखान्यात अपघात झाला की मी माणसाला समोर बसवायचो. "यंत्राचं झाकण काढलं होतंस का?" तो नाही म्हणायचा. ते नाही इतकं पटकन यायचं की मला तिथेच कळायचं. मग मी त्याला सगळ्यांच्या देखत झापायचो. एका फिटरला तर रडवलं होतं. म्हणालो होतो, "बोट गेलं त्याचं मला दुःख आहे, पण खोटं बोललास त्याची मला किळस येते." त्याच्या हाताला तेव्हा पट्टी होती. माझं नाही त्याच्यापेक्षाही पटकन आलं. मी सुरक्षेचा साहेब, मी घर रांगून तपासलेलं, आणि विष मीच खाली आणून ठेवलं, वर दूध लावून ठेवलं, हे त्या पोरीएवढ्या डॉक्टरणीला सांगायची मला लाज वाटली. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण सापडलं असतं तर मी ते लिहिलं असतं.

झाड मावशी गेल्यावर तरी का टाकलं नाही, असं तू विचारशील. तुझ्या आईचं होतं, हे खरं आहे. पण अर्धंच. टाकलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, एवढं चांगलं झाड का टाकलंत? म्हणून ते दारामागे उभं केलं. आणि परवाच्या रविवारी त्याची पानं पुन्हा दुधाने पुसली. हो, मावशीला पुरल्यानंतरही. आधीचे दोन रविवार त्याच्याकडे बघवत नव्हतं, पण तिसरा रविवार आला आणि हात आपोआप फडक्याकडे गेला.

तू रांगायला लागलीस त्याच सुमारास ते झाड आपल्याकडे आलं होतं. तुझ्या आईने ते कपाटावर ठेवलं आणि इतकी वर्षं ती त्या स्टुलावर चढत राहिली. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. मी नुसतं स्टुलावरून भांडलो. तिला माहीत असणार. आणि तिने मला सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल. आमच्या घरात सुरक्षेचं मी बोलायचो.

आज सकाळी हातमोजे घालून झाड तोडलं, जाड पिशवीत बांधलं. कचरा न्यायला येते त्या बाईंना सांगितलं, उघडू नका, जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका. त्या म्हणाल्या, "एवढं वाईट आहे तर घरात कशाला ठेवलं होतंत?" त्यांनाही सांगितलं.

आणखी एक. मला वाईट वाटतंय म्हणून तू मला समजावणारं पत्र लिहू नकोस. पालथं घालायला आता टेबलावर जागा नाही.

बाबा

२३ मार्च

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी आहेत. "गोटी बरी आहे. पाळणाघरात जागा मिळाली नाही. कोर्सला येणार नाही असं कळवलं. पुढच्या वर्षी बघू." खाली सहीसुद्धा नाही.

मला शिव्या दिल्या असत्यास तर चाललं असतं. पण तू कोर्स सोडलास, हे मला अपेक्षितच नव्हतं. मूर्खासारखं मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं म्हणजे माझा भार उतरला. तो उतरून तुझ्या डोक्यावर गेला. प्रयोगशाळेची प्रमुख व्हायचं तू किती दिवस घोकत होतीस. तुझ्या हाताखाली शिकलेली माणसं आता तुझ्या वर बसतील आणि तू त्यांना रक्त काढायच्या सुया मोजून देशील. हे माझ्यामुळे. माझ्या एका नाहीमुळे.

इकडचं थोडं सांगतो. मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. रांगेत बसलो, नंबर आल्यावर आत गेलो. त्यांनी टेबलावर जनावर शोधलं. मी म्हटलं, "आज मी एकटाच आहे," आणि सगळं सांगितलं. त्या रागावतील असं धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे पुष्कळ येतात." बस, एवढंच. मग मदतनीसाला म्हणाल्या, पुढचा घ्या. मी आयुष्यभर स्वतःला पुष्कळांपैकी एक समजलो नव्हतो.

शिक्षिका जिन्यात भेटली की भिंतीकडे बघते. परवा तिच्या पोराने मला पाहून हात पुढे केले. त्याला काय कळतंय. तिने त्याचे हात धरून खाली केले. मी बाजूला होऊन वाट दिली. तिचं बरोबर आहे, मी तिच्या जागी असतो तर इमारतभर बोंब मारली असती. तिने अजून कोणाला सांगितलं नाही, बहुतेक माझ्या वयाकडे बघून. मला ते सोसत नाही. खालच्या मजल्यावरच्यांना मीच सांगितलं. त्यांच्याकडे दोन पोरं आहेत, आणि तसलंच झाड कोपऱ्यात आहे. त्यांनी ते उचललं, पण चहा विचारला नाही.

आता मी तुला एक मागणार आहे. नाही म्हणालीस तर पुन्हा मागणार नाही.

कोर्स पाच एप्रिलला सुरू होतो ना? तुझ्या जागी अजून कोणाला घेतलं नसेल तर आज फोन करून विचार, वाटल्यास विनवण्या कर. गोटीला माझ्या घरी आणू नकोस. मी तुझ्या घरी येतो. जावईबापूंची छापखान्यात रात्रपाळी असते, म्हणजे दिवसा ते घरी असतात. झोपलेले असले तरी घरात असतात. रात्री त्यांची आई येऊन झोपेल का, विचार. मी पडेल ते काम करीन. लंगोट धुवीन, भाज्या चिरीन, दूध गरम करीन, बाजारहाट करीन. गोटीला भरवायचं असेल तेव्हा कोणीतरी समोर असू दे. तिच्याजवळ मला एकटं सोडू नका. मी लाडाने म्हटलं, "जा हो, जरा डोळा लागू दे, मी बघतो," तरी सोडू नका. तसं मी म्हणेन, मला माझी खोड माहीत आहे.

तुझ्या घरात कुठलं झाड कुठे ठेवायचं, कुठली बाटली वर ठेवायची, ते तू आणि जावईबापूंनी ठरवायचं. मी त्यात बोलणार नाही. काही चुकलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला, जो घरात असेल त्याला सांगीन. नाही सांगितलं असं तुला एकदा जरी कळलं, तर मला गाडीत बसवून दे.

तुझ्या सासूबाई विचारतील, शेजारपाजारचे विचारतील, सख्खा आजोबा घरात असताना पोरीजवळ आणखी माणूस कशाला लागतो? तू माझी लाज राखायला जाशील. बाबांचे गुडघे दुखतात, बाबांना वाकवत नाही, असं काहीतरी सांगशील. तसं करू नकोस. खरं काय ते सांग. मी समोर बसलेलो असलो तरी सांग.

बाबा